पीठ तुमचं, मजुरी माझी

दानम्माच्या नावावर टपरी मंजूर झाली, आणि घरातला जो तो मनातल्या मनात त्या टपरीत बसून आला. दानम्माला मात्र तिथं कुणी बसवून बघितलं नाही.

तिच्या धाकट्या भावानं, माणिकप्पानं, तिथं पानपट्टी थाटली. काताचा डबा कुठं, आरसा कुठं, रेडिओ कुठं टांगायचा, सगळं त्यानं जेवता जेवता ठरवून टाकलं. बापाच्या, चन्नबसप्पाच्या मनात वेगळंच. गावातलं त्यांचं किराणा दुकान दुष्काळानं पार निजलं होतं. माश्या आणि म्हातारे सोडले तर दिवसभर उंबऱ्याला पाय लागायचा नाही. तेच दुकान उचलून फाट्यावरल्या टपरीत न्यावं, असा त्यांचा बेत. आई पार्वतम्माचं म्हणणं एवढंच, की पुढून एक पडदा लावा, रस्त्याची धूळ लई येते.

"आन् मी?" चुलीपुढून दानम्मानं विचारलं.

तव्यावरली भाकर फुगली, दानम्मानं ती बोटानं दाबली, उलटवली.

"तुला काय कमी हाय गं बाई?" पार्वतम्मा म्हणाली. "बसल्या जागी ताट मिळतंय."

"बसल्या जागी ताट करते बी मीच की अव्वा."

यावर माणिकप्पा हसला. अक्काचं बोलणं तिखट, हे गावाला माहीत होतं. पण तिखट बोलणाऱ्या माणसाला सगळे हसून सोडतात, आणि दानम्माला तर जास्तच. लहानपणी ताप आला, उतरला, आणि जाताना कमरेखालचं सगळं घेऊन गेला. पाय होते, पण वाळल्या तुराट्यांसारखे. दोन हातांत दोन लाकडी ठोकळे धरून ती अंग उचलायची, पुढं टाकायची, पुन्हा उचलायची. अठ्ठावीस-तीस वर्षं असं चालून तिचे दंड माणिकप्पाच्या दंडापेक्षा जाड झाले होते. भाकरी थापायला बसली की काठवट हलायची.

एक गोष्ट तिला लहानपणापासून डाचायची, आणि ती पायांची नव्हती. चन्नबसप्पा जातिवंत दुकानदार. बैल घेताना, नारळ घेताना, न्हाव्याकडं डोकं करताना, मठात हार घेताना सुद्धा घासाघीस केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. माणिकप्पानं चार गोष्टी मागितल्या तर दोन मिळायच्या, त्याही भांडून. दानम्मानं मात्र काही मागायचा अवकाश, आप्पा लगेच म्हणायचे, "देऊन टाका पोरीला." बांगड्या म्हटलं की बांगड्या, लुगडं म्हटलं की लुगडं. लोक म्हणायचे, काय जीव हाय बापाचा. दानम्माला वाटायचं, एकदा तरी आप्पा म्हणतील, "न्हाई देत जा, कशाला पाहिजे तुला?" तसं कधी झालं नाही. भिकाऱ्याशी कुणी भाव करत नाही, हे तिला फार लवकर कळलं होतं.

आता ही टपरी आली कुठून, ते सांगायला पाहिजे. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. पूर्वी उस्मानाबादेला जायचं म्हणजे दोन दिवस मोडायचे आणि कामही व्हायचं नाही. आता लातूरला जाऊन निदान त्याच दिवशी काम न होता परत येता येत होतं. अपंग माणसाला धंद्यासाठी पत्र्याची टपरी मिळते, ही बातमी गावात आणली व्यंकटनं. व्यंकट देगलूरचा, सायकलचं पंक्चर काढणारा. कडबा कापायच्या मशीनीत त्याचा उजवा हात कोपरापासून गेलेला. त्याची बहीण या गावात दिलेली. बहिणीकडं आला, की कुणाची ना कुणाची सायकल पायात धरून, एका हातानं आणि दातांनी ट्यूब ओढत बसायचा.

"मला भेटली टपरी, तुला कामून भेटणार न्हाई?" तो दानम्माला म्हणाला होता. "फकस्त एक सांगतो. अर्ज करताना घरचे लई गोड बोलतेत. टपरी आली की बग."

टपरी आली, आणि दानम्मानं बघितलं.

ट्रॅक्टरवरून ती फाट्यावर उतरवली, तेव्हा माणिकप्पानं आधीच दगड रचून कंबरभर उंच ओटा करून ठेवला होता. पानपट्टी उंचावर पाहिजे, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसली पाहिजे. वर टपरी बसली, रंग निळा, दाराला कडी. आठवड्यानं लातूरचे साहेब बघायला येणार म्हटल्यावर दानम्माला बैलगाडीत घालून फाट्यावर नेलं. बैलांच्या बरगड्या दिसत होत्या, गाडी रखडत चालली होती. येळवसला, वेळा अमावस्येला सुद्धा यंदा रानात पूजेला कुणी गेलं नव्हतं. रानात जाऊन बघायचं काय? दोन्ही बाजूंनी काळी जमीन भेगाळून पडलेली. त्या रस्त्यावर रोजगार हमीचं काम चालू होतं. बाया-माणसं ओळीनं बसून खडी फोडत होती, डोक्यावर फडकी, तोंडावर पांढरी धूळ.

गाडी टपरीपाशी थांबली. दानम्मानं ओटा बघितला आणि ठोकळे हातातच धरून राहिली. तिला चढता येणारच नव्हतं.

"थांब अक्का," म्हणत माणिकप्पानं तिला काखेत हात घालून उचललं, खांद्यावर टाकलं, पोतं टाकतात तसं, आणि आत ठेवलं. लुगडं गुडघ्यावर सरकलं. खडी फोडणाऱ्या बायांनी नजर खाली घातली. ते नजर खाली घालणं दानम्माला उघड्या पायांपेक्षा जास्त लागलं.

साहेब भला माणूस होता. "काय विकणार बाई?" त्यानं विचारलं. दानम्मा तोंड उघडते तोवर माणिकप्पा म्हणाला, "पान, बिडी, गोळ्या-बिस्किटं." साहेबानं मान हलवली, जीपमध्ये बसला आणि गेला. धूळ खाली बसायच्या आत माणिकप्पानं हात पुढं केले.

"चल अक्का, झालं तुझं काम."

"जरा थांब," दानम्मा म्हणाली. "बसू दे की."

दुपारची सुट्टी झाली होती. टपरीतून तिला सगळं काम दिसत होतं. ही माणसं लांबलांबची, रस्त्याकडंला पालं टाकून राहिलेली. सावलीला बसून त्यांनी फडकी सोडली. कुणाच्या फडक्यात कालच्या भाकरीचा बुरशी धरलेला तुकडा, कुणाच्या फडक्यात नुसतं पीठ. तेच पाण्यात कालवून, मीठ टाकून पीत होती. पीठ होतं, मजुरीत पैशांबरोबर ज्वारीही मिळत होती. पण दिवस उगवायला खडीवर बसायचं, मावळल्यावर पाणी शोधायला जायचं. मधे चूल कधी पेटवायची आणि जळण कुठलं आणायचं?

दानम्मानं तेव्हाच ठरवलं. गाडीत परत घातली तेव्हा ती एक अक्षर बोलली नाही, म्हणून माणिकप्पाला वाटलं, अक्काची हौस फिटली.

"मी कडक भाकरी इकणार," संध्याकाळी तिनं सांगितलं.

कडक भाकर या भागातल्या लिंगायत घरांत कुणाला सांगावी लागत नाही. गरम पाण्यात पीठ मळून पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग विस्तवाकडंला उभी करून वाळवायची. महिनाभर राहते. दातानं मोडली की आवाज होतो. दानम्माच्या हातची भाकर मठाच्या पंगतीला मागून नेत.

चन्नबसप्पांच्या हातातली विभूतीची वडी कपाळाजवळच थांबली.

"भाकर?" ते म्हणाले. "दानव्वा, आपल्या घरात भाकर इकत नसतेत. दाणा इकला, गूळ इकला, मीठ इकलं. तव्यावरली भाकर कुणी इकली न्हाई. दारी आलेल्याला ती द्यायची असती."

"दारी येणाऱ्याला देते की. फाट्यावर येणाऱ्याला इकते."

"लोक काय मनतील?" पार्वतम्मा म्हणाली. "चन्नबसप्पानं पांगळ्या लेकीला भाकरी इकायला रस्त्यावर बसवली?"

"लोक आता काय मनतेत अव्वा? पांगळीच्या नावावर टपरी घेतली आन् ल्योकाला बसवलं, असंच मनतेत. मला बसू दिलं न्हाई तर लातूरला निरोप धाडते, टपरी परत न्या मनून."

माणिकप्पा उठून उभा राहिला. "बगितलाव आप्पा? ह्या व्यंकटनं भरवलंय सगळं डोक्यात."

चन्नबसप्पांनी वडी खाली ठेवली. त्यांना दानम्माला नाही म्हणायची सवय नव्हती, आणि हो म्हणायला जीभ वळत नव्हती. शेवटी दुकानदारानं काढावा तसा तोडगा त्यांनी काढला.

"येत्या सोमवारी बस. एक दिवस. भाकरी खपली तर टपरी तुझी. न्हाई खपली तर माणिकाची, मग पुन्यांदा नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," दानम्मा म्हणाली.

"कबूल," माणिकप्पा म्हणाला, आणि गालात हसला. रस्त्यावर भाकर कोण विकत घेतंय?

दुसऱ्या दिवशी व्यंकट आला. टपरी बघून त्यानं कपाळाला हात लावला. "हे टपरी हाय का मचाण?" म्हणाला. बहिणीच्या दोन दिरांना हाताशी धरून त्यानं पहारीनं ओटा उकरायला घेतला. एका हातानं पहार धरायची, थोटा कोपर वर दाबायचा, आणि शिव्या देत दगड उपसायचा. टपरी खाली जमिनीला टेकवली, पुढं मुरमाचा उतार केला, दाबून दाबून गुळगुळीत. फळीही खाली घेतली, बसल्या माणसाच्या छातीइतकी. दानम्मा ठोकळ्यांवर उतारावरून आत गेली, वळली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. कुणाचा हात लागला नाही.

"मंचिदी," व्यंकट त्याच्या तेलुगूत म्हणाला, बेस झालं. "आता ऐक. पहिल्या दिवशी माज्या दुकानात लोक नुसतं हात बघायला यायचे, पंक्चर काढायला न्हाई. कुणी दया मनून पैसे टाकायचं. मी परत फेकायचो. तू कुणाचं फुकट घेऊ नको आन् कुणाला फुकट देऊ नको."

"ते मला सांगाय लागत न्हाई," दानम्मा म्हणाली.

ज्वारी तिची स्वतःची होती. हिवाळाभर तिनं गावातल्या बायांचं धान्य पाखडून, निवडून दिलं होतं आणि मापटं-मापटं करत एक पोतं भरलं होतं. सगळं पोतं तिनं दळायला पाठवलं. शुक्रवारी थापायला बसली ती रविवारी दिवस मावळता उठली. तळहात लाल झाले, खांदे भरून आले, डोळ्यांत धूर गेला. पार्वतम्मा पहिल्या दिवशी लांबून बघत होती, दुसऱ्या दिवशी चुलीत तुराट्या सारू लागली, तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी तिनंच कुटली. भाकरीची चळत दानम्माच्या डोक्याच्या वर गेली. धुतलेल्या पांढऱ्या धोतरात ती बांधली तेव्हा कडकडकड वाजली. दानम्माला तो आवाज फार आवडला.

सोमवारी गाडीत बसून ती फाट्यावर गेली. आप्पा येणार नाही म्हणाले होते, पण सोमवार, नवी जागा. पूजेशिवाय कसं बसायचं? ते मठातल्या स्वामींना घेऊन आले. स्वामींनी फळीला विभूती लावली, बेल वाहिला. पहिली भाकर स्वामींना दिली, चटणी घालून. इथवर सगळं रीतीनं झालं.

दुपारची सुट्टी झाली आणि बाया-माणसं टपरीकडं आली. नवी टपरी, भाकरीचा वास. पुढं होती नागुबाई, खडीवरल्या टोळीतली सगळ्यात बोलकी बाई, कडेवर लेकरू. लेकराच्या ओठांना पिठाचं पाणी वाळून चिकटलं होतं.

"बाई, भाकर कशी दिली?" तिनं विचारलं.

दानम्मानं तोंड उघडलं. भाव तिनं रात्रभर घोकला होता. पण त्याआधी आप्पांचा आवाज आला.

"कशी दिली काय पुसतीस माय? बस. ए, सगळे बसा रे. बसा सावलीला."

चन्नबसप्पांचं लक्ष त्या लेकराच्या ओठांवर होतं. आयुष्यभर मठाच्या पंगतीत वाढलेला माणूस. समोर माणसं उपाशी, हाताशी भाकर, आणि पूजा नुकतीच झालेली. त्यांनी भाकरी बांधलेल्या धोतराची गाठ सोडली, उपरणं कमरेला खोचलं आणि वाढायला लागले. एकेकाच्या हातावर दोन-दोन भाकरी, वर चटणी. "घे माय. घे बाबा. लेकराला मोडून चार." स्वामीही उठले, चटणीचं भांडं त्यांनी धरलं. बघता बघता रस्त्याकडंला पंगत बसली. कडाकडा भाकरी मोडल्याचा आवाज येत राहिला.

"आप्पा," दानम्मा म्हणाली. "आप्पा, थांबा."

त्यांना ऐकू गेलं नाही. वाढताना त्यांना कधीच काही ऐकू जायचं नाही. दानम्मा भाकर हिसकून घेऊ शकत होती. हात तेवढे लांब होते, ताकदही होती. पण कुणाच्या तोंडातून? ती फळीवर दोन्ही मुठी ठेवून बघत राहिली. तीन दिवसांची चळत खाली खाली गेली आणि धोतर सपाट झालं.

शेवटचा माणूस उठला, हात जोडून कामावर गेला. चन्नबसप्पांनी घाम पुसला, तोंडावर समाधान. मग ते वळले. मोकळं धोतर बघितलं, लेकीचं तोंड बघितलं, आणि काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं.

"दानव्वा," ते म्हणाले.

"दान तुमी केलाव आप्पा," दानम्मा म्हणाली. "माल मपला होता, माझा."

तिचा आवाज चढला नाही. रडू येत होतं, पण रागानं येत होतं, आणि तसलं रडू तिनं कुणाला दाखवलं नाही. चन्नबसप्पांनी खिशात हात घातला. "मी भरून देतो सगळं. किती झालं ते..."

"तेच नको हाय मला."

माणिकप्पा गाडीपाशी उभा होता. त्याला हसू आवरत नव्हतं, पण बापाकडं बघून त्यानं ते दाबलं. "एक बी भाकर इकली न्हाई अक्का. कबूल केल्तीस. उद्या मी आरसा आन् फळ्या घेऊन येतो. चल, उचलू का?"

"हात लावू नको मला."

तिनं ठोकळे फळीखाली सरकवले आणि बसून राहिली. माणिकप्पा गाडी घेऊन गेला. स्वामी गेले. आप्पा मात्र टपरीच्या सावलीला खाली मान घालून उकिडवे बसले. ऊन तापलं, पत्रा तडतडू लागला, रस्त्यावरून मातीच्या वावटळी गेल्या. दानम्माच्या मनात एकच चाललं होतं, की आपण हरलो ते पायांमुळं नाही, बापाच्या चांगुलपणामुळं हरलो. आणि चांगुलपणाशी भांडायचं कसं, ते तिला कळत नव्हतं.

दिवस कलला, काम सुटलं. सगळे पालांकडं निघाले. नागुबाई तेवढी टपरीकडं वळली. तिच्या हातात पिठाचं गाठोडं होतं. ते तिनं फळीवर ठेवलं.

"दुपारी तुमच्या बापानं खाऊ घातलं," ती म्हणाली. "ते पुण्य त्यांचं, त्यांना लाभू. पण आमी काय रोज फुकट खाणारी माणसं न्हाई. हे मपलं पीठ. ह्याच्या तशाच करून दे, लेकरू लई आवडीनं चावत होतं. मजुरी काय घेशील ते सांग."

दानम्मा पिठाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पीठ तुझं, जळण माझं?"

"जळण तुझं. आमच्याकडं कुठलं?"

"मग मजुरी थोडी चढती पडंल."

"पडू दे. दिवसाला चार घमेली खडी जास्त फोडीन की मी. चुलीपुढचा येळ वाचला तर."

मागून दोघी-तिघी आल्या. कुणाची पिशवी, कुणाचं फडकं, कुणी पदरातच पीठ बांधून आणलं होतं. दानम्मानं एकेक गाठोडं हातात घेऊन तोललं, मजुरी सांगितली. एकीनं कमी कर म्हटलं, दानम्मानं केली नाही.

"आप्पा," सगळ्या गेल्यावर ती म्हणाली, "गिरणीवाला पीठ इकतो का?"

चन्नबसप्पांनी वर बघितलं. "न्हाई. दळून देतो."

"मग मी बी भाकर इकत न्हाई. थापून देते. पीठ तुमचं, मजुरी माझी. ह्यात तुमच्या घराला काय कमीपणा?"

चन्नबसप्पा उठले, उपरणं झटकलं, आणि तिचे ठोकळे फळीखालून काढून तिच्यापुढं ठेवले. शेजारच्या गावाची गाडी चालली होती, तीत बसून दोघं घरी आली.

रात्री माणिकप्पानं सांगून टाकलं, की कबुली म्हणजे कबुली, उद्या गाडी जुंपणार नाही, बैल थकलेत. आप्पांनी त्याला अडवलं नाही, आणि ते दानम्माला फार लागलं.

सकाळी उजाडताच तिनं गाठोडी एका चादरीत घालून पाठीशी बांधली, ठोकळे घेतले आणि फाट्याची वाट धरली. वाट अर्धा कोस, मुरमाड. अंग उचलायचं, पुढं टाकायचं. घरात, वाड्यात, गल्लीत ती अशी चालली होती. रस्त्यानं कधी नाही. खडे लुगड्यातून मांड्यांना लागत होते. मनगटं भरून आली, पाठीवरचं पीठ एका बाजूला कलंडायचं, ते सावरून घ्यायचं. विहिरीवर घागरी घेऊन निघालेल्या बाया थांबून बघत राहिल्या. एकजण "अगं माय" म्हणाली. दानम्मा म्हणाली, "बगताव काय? वाट सोडा, धंद्यावर चाललेय." आणि तेवढ्यानं तिला इतकं बरं वाटलं, की पुढचा चढ तिनं न थांबता चढला.

अर्ध्या वाटेवर मागून गाडीचा आवाज आला. आप्पा होते, एकटे. गाडीत पुढं तुराट्यांचा भारा, मागं मोठी काठवट आणि तवा. गाडी तिच्या बाजूला आली आणि थांबली. उचलायला ते खाली उतरले नाहीत.

"बसतीस का?" त्यांनी विचारलं.

"पीठ तेवढं घ्या. मी येते."

चन्नबसप्पांनी वाकून गाठोडं घेतलं, गाडीत नीट ठेवलं. मग बैलांना हाकललं नाही. लेक जशी चालत होती तशी गाडी बाजूनं चालत राहिली.

फाट्यावर व्यंकट आधीच येऊन चूल मांडत होता. मातीचा गोळा थोट्या कोपरानं दाबून बसवत होता. कालची हकीकत त्याला कळली होती. त्यानं दानम्माच्या सोललेल्या तळहातांकडं बघितलं, पिशवीतून रबराच्या पट्ट्या काढल्या आणि ठोकळ्यांच्या मुठींना बांधू लागला. "जुनी ट्यूब हाय," म्हणाला. "हिचं काय ते भाकरीत फेड."

चूल पेटली. दानम्मानं पाणी आधणाला ठेवलं, काठवट मांडीपुढं ओढली आणि पहिलं गाठोडं सोडलं. थापायला लागली तशी पत्र्याची टपरी घुमू लागली. दहा-अकराच्या सुमाराला माणिकप्पा आला. आरसा आणला नव्हता. रिकामे हात घेऊन तो लांबच उभा राहिला. टपरीपुढं गाठोड्यांची रांग लागलेली बघून जरा वेळानं म्हणाला, "जळण पुरंल का हे?"

"दोन दिवस पुरंल. गाडी हाय तुझ्याकडं. आणलंस तर भाडं देईन."

"मला भाडं देतीस?"

"फुकट आणलंस तर घेणार न्हाई."

माणिकप्पा बापाकडं वळला. बाप त्याच्याकडं बघतच नव्हता. चन्नबसप्पांनी गाडीतून एक पिशवी काढली होती, घरच्या ज्वारीच्या पिठाची. ती घेऊन ते फळीपाशी आले आणि सगळ्यांच्या पुढं ठेवू लागले.

"मागं ठेवा आप्पा," दानम्मा थापता थापता म्हणाली. "नागुबाईचं आधी आलंय."

चन्नबसप्पांनी पिशवी उचलली, रांगेत शेवटी नेऊन ठेवली आणि स्वतः तिच्याशेजारी खाली बसले. खडीवरचा एक म्हातारा सरकला, त्यानं त्यांना सावली दिली. दुपार होऊन गेली. नागुबाईनं मजुरी मोजून दिली, ती दानम्माची बोहनी. कपाळाला लावून तिनं ती काठवटीखाली सरकवली. एकेक गाठोडं गेलं. शेवटी आप्पांची पिशवी पुढं आली.

"किती पातळ पाहिजेत?" दानम्मानं विचारलं, गिऱ्हाइकाला विचारतात तसं.

"मला दात कमी हायेत. पातळ." चन्नबसप्पा म्हणाले. मग घसा खाकरला. "मजुरी काय म्हणलीस?"

तिनं सांगितली.

चन्नबसप्पांनी पिशवीकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर एक जुना, बाजारातला भाव आला, जो दानम्मानं लांबून हजारदा बघितला होता, समोरून कधीच नाही.

"लई सांगायलीस," ते म्हणाले. "पीठ मपलं, आज जळण बी मीच आणलंय. अर्धी घे."

दानम्माचे हात थांबले. पाठीमागं व्यंकटनं मान वर केली. तिनं पिशवी जराशी त्यांच्याकडं सरकवली.

"जळणाचं भाडं वेगळं देणार हाय मी तुमाला," ती म्हणाली. "मजुरी हाय तीच. परवडत असलं तर ठेवा, न्हाईतर उचला पिशवी."

"बघ, एवढ्या लांबून आलोय."

"मी बी लांबूनच आलेय."

चन्नबसप्पांनी पिशवी चाचपली. मग त्यांनी कनवटीला हात घातला, पैसे काढले, एकदा मोजले, दुकानदार मोजतो तसे पुन्हा मोजले, आणि कुरकुरत तिच्या पिठाळ हातावर ठेवले.